वाम बंधारा चढणार कशी?

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरनं जाताना माझ्या डोक्यात हल्ली एकच घोळत असतं, खालची वाम, म्हणजे सापासारखा लांब ईल मासा, वर जाणार कशी. पाठीवर काटे असलेली नव्हे, ती नदीतच वाढते. मी म्हणतोय ती अँग्विला बेंगालेन्सिस, समुद्रात जन्मते, लहान असतानाच नदीत शिरते, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढते आणि अंडी घालायला परत समुद्रात जाते.

माशांसाठी वाट म्हटलं की लोकांना पायऱ्या आठवतात. सालमनला त्या ठीक, तो उड्या मारतो. वाम उडी मारत नाही आणि तिचं पिल्लू जोराच्या धारेत टिकत पण नाही, पण ओल्या खडबडीत जागेवरनं ते सरपटत चढतं, अगदी बारकं असेल तर ओल्या उभ्या भिंतीवरनंसुद्धा. म्हणून युरोपात तिरकी पन्हळ बसवतात, तिच्या तळाला ब्रशसारखे ताठ झुपके, दोनेक सेंटीमीटर अंतरावर, बारक्या पिल्लांना अजून जवळ, वरनं पाण्याची बारीक धार. पिल्लू झुपक्यांना अंग टेकवत नागमोडी वर जातं. पन्हळीवर झाकण पण पाहिजे, नाहीतर पक्षी टिपतात.

माझ्या मते खरी मेख पन्हळीच्या खालच्या तोंडात आहे. पिल्लं भिंतीपाशी जिथं येऊन अडकतात तिथंच ते पाहिजे आणि तिथं थोडं जादा पाणी पडत ठेवायचं, म्हणजे त्यांना वाट कळते. हे चुकलं तर पन्हळ कितीही भारी असू दे, रिकामीच राहणार.

आता आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघा. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे गाळ्यांत अडकवलेल्या फळ्या, काढले की गाळे मोकळे, पण परत बरगे टाकले की सरळ भिंत. एका कडेला पन्हळ सहज बसेल. पण नुसती पंचगंगेवर बसवून काय उपयोग, नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेत मिळाल्यावर पुढं धरणंच धरणं, अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, 124 मीटर उंचीचं नागार्जुनसागर. तिथं पिल्लं खाली टाकीत गोळा करून गाडीनं वर न्यायला लागतील आणि परतीला मोठ्या वामा टर्बाइनमध्ये कापल्या जातील, त्यासाठी जाळ्या आणि बायपास वेगळेच.

म्हणून माझं म्हणणं, पहिली पन्हळ घाट उतरून कोकणात बसवा. तिथंही हेच कोल्हापूर पद्धतीचे (केटी) बंधारे आहेत, समुद्र जवळ, आणि परतीची वाट पावसाळ्यात बरगे काढले की आपोआप मोकळी.