भाईमामाचा रस्त्याचा पडदा

माझा मामा यंदा आषाढात गेला. गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात तो 'पेंटर', आम्हा भाचरांचा भाईमामा. दुकानांचे बोर्ड, नंबरप्लेटी, जत्रेच्या नाटकांचे पडदे, दिवाळीला वाड्यावरच्या पोरांच्या नरकासुराचा मुखवटा, असं त्याचं वर्षभर चालायचं. पण त्याचा खरा महिना कार्तिक.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री विठ्ठलापूरला देवळापाशी वाळवंटी नदीत दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडतात. मामाची नौका दसरा झाला की पडवीत उभी राहायला लागे. बांबूच्या काम्ट्या तो दोन दिवस भिजत घालायचा, म्हणजे वाकवताना तडकत नाहीत. मैद्याची खळ मामी शिजवायची आणि चिमूटभर मोरचूद टाकायची, नाहीतर झुरळं कागद खाऊन टाकतात. आम्ही म्हापशाला राहायचो, म्हणून शुक्रवारच्या बाजारातून रंगीत जिलेटीनचे कागद आणायचं काम माझं.

मी सातवीत असताना त्याने मोर केला. पुरा फुललेला पिसारा, माझ्याहून उंच. सगळं चिकटवून झालं, आणि मामाने ब्लेड घेऊन एकेका पिसाच्या डोळ्याखाली चीर पाडायला सुरुवात केली. मी रडायलाच लागले. त्याने मान वर न करता सांगितलं, "बाय, वाऱ्याक वाट दिवंक जाय." वाऱ्याला वाट द्यायला हवी. जुन्या स्कूटरची बॅटरी त्याने तळाच्या फळीला घट्ट बांधली, कारण वजन जितकं खाली तितकी नौका उलटायची भीती कमी. त्या रात्री वारा सुटलाच. शेजारच्या दोन नौका कलंडल्या. मोर हलत-डुलत धारेला लागला आणि त्या चिरांतून उजेडाच्या बारीक रेघा पाण्यावर पडल्या. हेही त्याने आधीच डोळ्यांसमोर आणलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पणजीत १९७२ साली कला महाविद्यालय सुरू झालं तेव्हा मामा एकवीस वर्षांचा होता. आजोबा नुकतेच गेलेले, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. त्यातली धाकटी माझी आई. तो तिथे शिकायला गेला नाही. आईला हे आयुष्यभर लागून राहिलं. त्याच्या तोंडून मात्र या गोष्टीचा उल्लेख मी ऐकला नाही.

पुढे फ्लेक्स आले, मग कारखान्यातून छापून येणाऱ्या नंबरप्लेटी आल्या. सूत मारून, एका दमात इनॅमलची सरळ रेघ ओढणारा तो हात नुसता मांडीवर पडून राहायचा. त्या वर्षांत मामा फार गप्प झाला होता. ते बघवत नसे.

मला सगळ्यात जवळचा आहे तो त्याचा रस्त्याचा पडदा. नाटकवाल्यांना तेव्हा राजवाडा, जंगल आणि रस्ता हे तीन पडदे हमखास लागायचे. सरस शिजवून त्यात पावडरचे रंग कालवायचे आणि जमिनीवर पसरलेल्या मांजरपाटावर उकिडवं बसून रंगवायचं. रस्ता म्हटला की इतर पेंटर लांबवर निमुळती होत गेलेली शहरातली उंच घरं काढत. मामाने आमची घरं काढली. मंगळुरी कौलं, शिंपल्यांच्या खिडक्या, दारात तुळस, एका खिडकीत वाळत घातलेलं हिरवं लुगडं. ते लुगडं माझ्या आजीचं. देवळाच्या मांडवात पहिल्यांदा तो पडदा खाली सुटला तेव्हा बायकांमध्ये एकच कुजबुज झाली, असं आई सांगायची. जी ती आपलं घर शोधत होती.

तो पडदा भाड्याने गावोगाव फिरला आणि कुठल्यातरी जत्रेनंतर परत आलाच नाही. मामा पडद्यावर सही करत नसे. तेव्हा साखळी, डिचोली, सत्तरीतल्या कोणाच्या देवळाच्या माडीवर बांबूला गुंडाळलेले जुने पडदे असतील, तर एकदा उलगडून बघाल का? डावीकडून तिसरं घर, वरची खिडकी, हिरवं लुगडं. नुसता फोटो मिळाला तरी चालेल. आईचं आता वय झालं आहे आणि तिला तो एकदा बघायचा आहे.

यंदाची नौका आम्ही भावंडं करणार आहोत. काम्ट्या परवा भिजत घातल्या.