नवरा कोलोसियममध्ये, मी कारावाज्जोकडे
परदेशात जोडीनं गेलं की दिवसभर जोडीनंच फिरायचं असा काही कायदा नाही, पण सगळे तो असल्यासारखंच वागतात. रोममध्ये आम्ही एक दिवस वेगळं फिरायचं ठरवलं, आणि कारण अगदी साधं होतं. नवऱ्याला कोलोसियम आणि त्याला लागूनचे प्राचीन रोमचे अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटाइन टेकडी, निवांत पाहायचे होते. मला कारावाज्जो या इटालियन चित्रकाराची चित्रं पाहायची होती, आणि तीही संग्रहालयातली नव्हे, ज्या चर्चसाठी काढली तिथंच अजून असलेली. सकाळी व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "भांडलात की काय गं?" "नाही हो आई," म्हटलं, तरी त्यांना पटलं असावं असं वाटत नाही.

वेगळं फिरायचं तर आधी सामानाची वाटणी करावी लागते. एरवी दोघांचे पासपोर्ट त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये, डेटाचं सिम फक्त त्याच्या फोनमध्ये (मी त्याच्या हॉटस्पॉटवर), फॉरेक्स कार्ड माझ्या पर्समध्ये. कोलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर ओळखपत्र पाहतात, त्यामुळे पासपोर्ट त्याला हवाच होता. मग माझा माझ्याकडे आला. मेट्रोच्या फाटकावर कार्ड टेकवून आत जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड त्याला दिलं आणि मी बँकेचं घेतलं. हॉटेलच्या वायफायवर रोमचा नकाशा ऑफलाइन उतरवून चर्चवर खुणा करून ठेवल्या. नेट नसलं तरी नकाशावरचा निळा ठिपका आपल्याबरोबर चालत राहतो, तेवढं पुरतं. सुट्टी नाणी मात्र सगळी मी घेतली. का, ते पुढे येईलच.

राहिली भेटायची जागा. दिवसभर फोन लागणार नाही असं धरून ती ठरवायची होती. ट्रेव्हीचं कारंजं गर्दीमुळे बाद. पियाझ्झा नावोना ठरलं, पण तिथं कारंजी तीन. मधलं शिल्पकार बेर्निनीचं, 1651 सालचं, चार नद्यांचं: नाईल, डॅन्यूब, प्लाता आणि चक्क आपली गंगा. गंगा तिथं दाढीवाला पुरुष आहे, हातात वल्हं घेतलेला. म्हटलं, "पाच वाजता गंगेपाशी. साडेपाचपर्यंत दुसरा आला नाही, तर शोधत बसायचं नाही, सरळ हॉटेलवर." या एका वाक्यानं दिवसभराची काळजी मिटली.

मेट्रोच्या ए लाइननं फ्लामिनिओला उतरले. वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला लगेच सांता मारिया देल पोपोलो. रोमच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून पर्समध्ये स्टोल होताच. डावीकडच्या चेराझी चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनादालनात, समोरासमोर दोन कारावाज्जो आहेत. एकात संत पॉल घोड्यावरून खाली पडलाय, पण जवळजवळ सगळी चौकट घोड्यानंच व्यापली आहे. दुसऱ्यात संत पीटरला उलटं क्रूसावर चढवताहेत आणि खाली वाकलेल्या मजुराचं बूड थेट आपल्याकडे आहे. धर्मचित्रात हे असं, 1600-01 च्या सुमाराला!

तिथून व्हिया दि रिपेत्ता या रस्त्यानं सरळ खाली चालत गेले. घाई एवढ्यासाठीच होती की बरीचशी चर्च दुपारी दोन-तीन तास बंद असतात. वाटेत नाझोने लागतात, म्हणजे सतत वाहणारे बिडाचे नळ. तोटीच्या टोकाला बोट लावलं की वरच्या भोकातून पाण्याची धार उसळते आणि न वाकता पिता येतं. विकतच्या बाटलीची गरजच पडली नाही.

सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये डावीकडच्या शेवटच्या चॅपेलसमोर घोळका उभा होता, अंधारात. तिथं भिंतीवर पेटी असते, नाणं टाकलं की दिवे लागतात आणि थोड्या वेळानं विझतात. दिवे विझले की सगळे एकमेकांकडे बघतात, खिशात हात कोणीच घालत नाही. माझ्याकडे नाणी होती, मी टाकत राहिले. चित्रात जकातदार मॅथ्यू पैसे मोजत बसलाय आणि उजवीकडून आलेला येशू त्याच्याकडे हात करतोय. दाढीवाला माणूस बोट दाखवतोय, "कोण, मी?" असं. पण ते बोट स्वतःकडे आहे की टेबलाच्या टोकाशी बसलेल्या पोराकडे, यावर अभ्यासकांचेही वाद आहेत. ते पोरगं मान खाली घालून नाणी मोजतंय, त्याला कशाचा पत्ताच नाही. पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा मला ते दिसलंही नव्हतं. बरोबर कोणी असतं, तर मी "झालं, चल" म्हणून निघाले असते. एकटीला कोणाचे पाय दुखताहेत याचा विचार करावा लागत नाही.

जेवण उभ्या उभ्या उरकलं. वजनावर कापून देतात तो बटाटा-रोझमेरीचा पिझ्झा आणि नंतर काउंटरशी कॉफी. बसून घेतली की बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात. पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर दुपारी उघडं असतं, तिथं वेळ काढला. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही 43.3 मीटर, आणि माथ्यावर उघडं भोक. पाऊस आत येतो म्हणून फरशीला निचऱ्याची छिद्रं ठेवलीत. नवऱ्याला हे आवडलं असतं, असं तिथं खूपदा वाटलं.

सांतागोस्तीनो चर्च उघडल्यावर शेवटचं चित्र. दारात मेरी, समोर गुडघे टेकून बसलेले दोन यात्रेकरू, आणि त्यांचे मळके तळपाय आपल्या बाजूला. वारकऱ्यांचेच पाय वाटले मला ते.

पाचला गंगेपाशी पोचले. पाच वाजून वीस झाले तरी हा नाही. सहज कारंज्याला फेरी मारली, तर हा पलीकडे नाईलखाली घड्याळ बघत उभा. नाईलच्या तोंडावर कापड आहे, पण याला तीच गंगा वाटली होती. फोरममध्ये सावली जवळपास नसल्यानं लालबुंद झाला होता आणि भयंकर खूश होता.

फ्लॉरेन्सला जाण्याआधी दुसरं सिम घेतलं. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत, त्याला त्या चढायच्याच आहेत आणि मला मुळीच नाहीत.