तुम्ही विचारलंत म्हणून: कूलरची ताटी आणि कॉम्प्युटर

मी नागपुरात मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकवतो. ऊन तापायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. परवा शेजारच्या काकांनी विचारला, "सर, तुमची पोरं कॉम्प्युटरवरच कूलर चालवतात म्हणे. हवा तर कोणालेच लागत नाही, मंग तो प्रयोग कसा?"

काका, प्रयोगच आहे. फक्त तो कशावर केला, हे बघावं लागतं.

एका मे महिन्यातली गोष्ट सांगतो. बाहेर 44 अंश, आर्द्रता 15 टक्के. अशा हवेत थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा 23 च्या आसपास येऊन थांबतो. कूलरची हवा त्याखाली जाऊच शकत नाही. 44 ते 23 यातलं ऐंशी टक्के अंतर ताटी, म्हणजे कूलरच्या बाजूला लावलेला ओला थर, कापते असं धरून मुलांच्या सिम्युलेशननं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कूलरनं, उत्तर दिलं: 27. वर्कशॉपच्या खिडकीतल्या खऱ्या कूलरसमोर थर्मामीटर धरला, तर 31.

मुलांनी तीन दिवस प्रोग्रॅम तपासला. त्यात चूक नव्हतीच. शेवटी एकीनं ताटीवर हात फिरवला. वरचा भाग कोरडा ठणठणीत! बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ताटीवर पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं बुजली होती आणि तिथून गरम हवा तशीच आत येत होती. प्रोग्रॅमला मात्र आम्ही ताटी सगळीकडे सारखी ओली म्हणून सांगितलं होतं. तो हजारदा चालवला असता तरी बुजलेली भोकं दिसली नसती.

म्हणून 'कॉम्प्युटरमधून आपण घातलं तेवढंच निघतं' असं कुणी म्हणालं, तर तेही मला पटत नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम या शास्त्रज्ञांनी मॅनिअ‍ॅक नावाच्या कॉम्प्युटरवर स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी हलवून पाहिली. प्रोग्रॅमिंगचं काम मेरी त्सिंगू यांचं. ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल अशी अपेक्षा होती. पण ती फिरून, ज्या कंपनापासून सुरुवात केली होती, जवळजवळ त्यातच परतली. समीकरणं त्यांनीच लिहिली होती, तरी त्यांच्या पोटात काय दडलंय हे चालवून पाहिल्याशिवाय कळलं नाही. खरी स्प्रिंग एकही नव्हती, आणि तरी मी त्याला प्रयोगच म्हणतो: समीकरणांवरचा. ती समीकरणं जगाला लागू पडतात का, हे मात्र थर्मामीटरलाच विचारावं लागतं.

आमच्या मुलांनी मग प्रोग्रॅममध्ये ताटीचा वरचा चौथा भाग कोरडा केला. उत्तर आलं 31. तेवढ्याशा कोरडेपणानं चार अंश जातात, हे हातानं कळलं नसतं. त्याच संध्याकाळी सुई घेऊन भोकं मोकळी केली. दुसऱ्या दिवशी, तशाच उन्हात, पारा 28 वर होता.

उरलेला एक अंश कुठे गेला, ते मुलं अजून शोधताहेत.