तोंडात मिरी चावल्यासारखं

रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला आशाताईंचा फोन आला. "मॅडम, वाडीतल्या जेवणात लोकांना काहीतरी झालंय. तोंडं लालबुंद झालीत. पाच-सहाजण रिक्षानं तुमच्याकडेच निघालेत."

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. आषाढ संपत आलेला, गटारीचा रविवार. मंडळानं गणपतीच्या तयारीची बैठक आणि जेवण एकत्रच ठेवलं होतं. चार वाजेपर्यंत केंद्रात १७ जण आले. चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग उन्हात भाजल्यासारखा लाल, आणि बाहेर तर पाऊस कोसळत होता. डोकं ठणकतंय, छातीत धडधडतंय, काहींच्या अंगावर पित्त उठलेलं, तिघा-चौघांना जुलाब. ताप एकालाही नाही.

पहिल्या सहा केसपेपरांवर मी 'ॲलर्जी' लिहिलं आणि एव्हिलचं इंजेक्शन दिलं. सातव्यावर लिहिताना पेन थांबलं. ॲलर्जी ज्याची त्याची असते. एका पंगतीतल्या सतरा माणसांना एकाच तासात एकसारखी ॲलर्जी कशी होईल? मी ते सहा कागद परत घेतले, निदान खोडलं आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. औषध बदलायची गरज नव्हती, पण 'ॲलर्जी' म्हटलं की शोध तिथेच संपतो.

मासे जेवणात होते हे कळल्यावर पहिली भीती वेगळीच वाटली. केंड हा विषारी मासा खाऊन माणसं दगावतात हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. शिंपल्यांतलं विष त्याच जातीचं. १९९७ साली केरळात विझिंजमला शिणाणे, म्हणजे खडकावरचे शिंपले, खाऊन सातजण गेले होते आणि शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले होते. या दोन्ही विषांत आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत सुटले: ओठांना मुंग्या येतायत का, जीभ जड झालीय का? सगळे नाही म्हणाले. मात्र एका आजींनी जे सांगितलं ते मी तसंच्या तसं लिहून ठेवलं: "मुंग्या नाहीत गो. पहिल्याच घासाला तोंडात मिरी चावल्यासारखं झालं. आम्ही म्हटलं, हिचा मसाला आज जास्त झाला."

मग हेच वाक्य, थोड्याफार फरकानं, आणखी अकराजणांकडून ऐकलं.

'हिचा' म्हणजे ज्या मावशींनी जेवण रांधलं त्यांचा. वाडीत जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या त्या एकट्याच. नवरा गेल्यापासून घर त्याच चुलीवर चाललेलं. संध्याकाळ व्हायच्या आत गावात ठरून गेलं की मसाल्यात काहीतरी होतं. कुणी म्हणे भेसळीची मिरचीपूड, कुणी म्हणे भाताच्या फवारणीचं औषध जवळ ठेवलेलं. एकानं तर पोलीस पाटलांना फोनही करून टाकला होता.

त्या मिरीसारख्या चवीनं मला वाट दाखवली. जेवणातला मासा होता गेदर, ज्याला मुंबईकडे कुपा आणि इंग्रजीत ट्यूना म्हणतात. गेदर, बांगडा आणि सुरमई हे एकाच कुळातले मासे. त्यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर तो गार ठेवला नाही, तर काही जिवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. तारलीतही हे होतं. आपल्याला ॲलर्जी होते तेव्हा आपलं शरीर जे हिस्टामिन सोडतं, तेच इथे ताटातून पोटात जातं. तोंडात मिरी चावल्यासारखं होतं तेही त्यानंच. म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीची, आणि उतारही ॲलर्जीच्याच औषधानं. जिवाणू शिजवल्यावर मरतात, पण एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, खारवून, गोठवून कशानंही जात नाही. वासावरून कळत नाही, रंगावरून कळत नाही. गेदर तर बाजारात तुकडे करूनच मिळाला होता, त्यामुळे कल्ले बघायचाही प्रश्न नव्हता.

पण हा झाला माझा अंदाज. तेवढ्यावर मावशींच्या अंगावरचा आळ उतरणार नव्हता.

रात्री आठ वाजता आम्ही यादी करायला बसलो: मी, आरोग्य सेवक आणि दोन आशाताई. आधी रुग्ण कुणाला म्हणायचं ते ठरवलं. त्या जेवणानंतर तीन तासांच्या आत चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, धडधड, पित्त उठणं किंवा जुलाब, यांतली किमान दोन लक्षणं असलेला माणूस. ही व्याख्या आधी पक्की केली नाही तर दुसऱ्या दिवशी साधं अजीर्ण झालेलेही यादीत शिरतात. मग मंडळाच्या वहीतून जेवलेल्यांची नावं काढली. आजारी न पडलेल्यांनाही विचारायचं, हे आशाताईंना पटवायला वेळ लागला. "बरी माणसं कशाला मोजायची मॅडम?" मी सांगितलं, आजाऱ्यांनी काय खाल्लं हे एकट्यानं काहीच सांगत नाही, जे बरे राहिले त्यांनी काय खाल्लं नाही, तेही लागतं.

सोमवारी जिल्ह्याचं शीघ्र प्रतिसाद पथक आलं आणि घरोघरी फिरून ६१ जणांशी बोलणं झालं. ताटातला एकेक पदार्थ विचारला: वडे, कोंबडीचा रस्सा, तळलेला गेदर, गेदराचं तिखलं, भात, सोलकढी. सगळ्यांची आठवण ताजी होती. सोलकढी जवळपास सगळेच प्यायले होते, म्हणून तिच्यावरून काहीच ठरत नव्हतं. कोंबडी खाल्लेल्या ४८ जणांत १७ आजारी, न खाल्लेल्या १३ जणांत ६. म्हणजे कोंबडी सुटली. गेदर खाल्लेल्या ३४ जणांत २२ आजारी. आणि गेदर न खाल्लेल्या २७ जणांत एक.

तो एक मला झोपू देईना. तोच सगळ्यात जास्त आजारीही होता. रक्तदाब ऐंशीपर्यंत उतरला, सलाईन लावून ग्रामीण रुग्णालयात हलवावं लागलं. तिशीतला माणूस, क्षयरोगाची औषधं चालू. फॉर्मवर त्यानं सांगितलेलं: फक्त कोंबडी आणि वडे. मी फॉर्म पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं, माहिती घेताना त्याची बायको पलंगाशेजारीच बसलेली होती. मंगळवारी मी तिला चहा आणायला पाठवलं आणि त्याला विचारलं, "दादा, खरं सांगा. तुमच्या औषधांसाठीच विचारतेय." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दोन तुकड्या खाल्ल्या. हिनं बाहेरचं तळलेलं खायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

क्षयाच्या उपचारातली आयसोनियाझिड ही गोळी शरीरातल्या हिस्टामिनचा निचरा करणारं विकर (एन्झाइम) अडवते. दुसऱ्याला नुसती लाली आणणारा तुकडा अशा रुग्णाला आडवा पाडतो. ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात आहे. मी ती वाचलेली होती. त्याच्या कार्डावर गेले चार महिने सही माझी होती आणि त्याला हे कुणीही सांगितलेलं नव्हतं, मीही नाही. तिथे बसूनच मी त्याची माफी मागितली. त्याला ती का मागतेय ते नीट कळलं नाही, पण मला मागायची होती.

तक्ता बदलला. गेदर खाल्लेले ३५, आजारी २३. न खाल्लेले २६, आजारी शून्य.

मग उरलेले बाराजण खाऊनही बरे कसे राहिले? पोलीस पाटलांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. हिस्टामिन माशात सारखं पसरलेलं नसतं. एकाच माशाच्या एका तुकड्यात भरमसाट असतं आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या तुकड्यात नावाला. म्हणूनच युरोपात माशांचा माल तपासताना एका खेपेतले नऊ नमुने घेतात. सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत लागते, फार तर दोन नमुने १०० ते २०० च्या मध्ये चालतात आणि २०० च्या वर एकही चालत नाही. इथून बाहेर जाणारा मासा या कसोटीला उतरावा लागतो. आमच्या वाडीत येणारा मासा असा कुणी मोजत नाही, याचा मला आजही राग येतो.

नमुना मिळवणं फार अवघड गेलं. ताटं धुतलेली, उष्टं कुत्र्यांना गेलेलं. शेवटी मंडळाच्या खजिनदाराच्या घरी फ्रीजरमध्ये त्याच दिवशी घेतलेले दोन कच्चे तुकडे निघाले. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी ते सील करून बर्फात भरून नेले. आमच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत हिस्टामिन तपासायची सोय नव्हती, त्यामुळे निर्यातीचे मासे तपासणाऱ्या प्रयोगशाळेपर्यंत ते पोचवण्यात चार दिवस गेले. अहवाल आला तेव्हा एका तुकड्यात किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या वर हिस्टामिन होतं. दुसऱ्यात शंभराच्या आत.

तोवर आम्ही माशाच्या मागावर निघालो होतो. जून-जुलैत आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी जूनच्या मध्याला उठते, म्हणून त्या दिवसांत तिकडचा मासा ट्रकनं इकडे येतो. मासे विकणारी ताई सरळ बोलली. पहाटे थर्माकोलच्या खोक्यातून घेतला, बर्फ पांढराशुभ्र होता, तुकडे घट्ट होते. ठोक व्यापारी मात्र आधी बोलायलाच तयार नव्हता. पावती नाही, नोंद नाही. अन्न सुरक्षा अधिकारी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं ट्रकवाल्याचा नंबर दिला. ड्रायव्हरला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, पण त्यानं काही लपवलं नाही. घाटात दरड कोसळलेली, दुपारपासून रात्रीपर्यंत गाडी एका जागी उभी. खोक्यांतल्या बर्फाचं पाणी झालं, ते त्यानं स्वतः भोकं पाडून काढून दिलं. खाली उतरल्यावर व्यापाऱ्याच्या माणसांनी नवा बर्फ भरला.

पांढराशुभ्र बर्फ तो हाच. नव्या बर्फानं मासा पुन्हा गार झाला, तुकडे पुन्हा घट्ट झाले, पण आत झालेलं हिस्टामिन तिथेच राहिलं. चार अंशांच्या आसपास धरलेली साखळी अर्धा दिवस तुटली की ती पुन्हा जोडून उपयोग नसतो.

त्या गाडीत एकट्या आमच्या वाडीचा मासा नव्हता. मी आजूबाजूच्या केंद्रांना फोन केले. शेजारच्या तालुक्यात त्याच रविवारी-सोमवारी चारजण येऊन गेले होते, चारही जणांच्या केसपेपरवर 'ॲलर्जी'. चौघांनीही गेदर खाल्लेला. व्यापाऱ्यावर पुढे काय कारवाई झाली ते त्या खात्याच्या हातात होतं. खेप तर आम्ही पोचायच्या आधीच विकून संपलेली होती.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. आमच्या केंद्रातल्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या कार्डावर आता मी हातानं लिहिते: गेदर, बांगडा, तारली ताजी आणि बर्फातली नसेल तर खाऊ नका, खाऊन तोंड लाल झालं तर लगेच या. नव्या रुग्णाला ते वाचूनही दाखवते.

अहवाल इंग्रजीत लिहावा लागला. तो पाठवल्यावर मी एका पानावर मराठीत तक्ता काढला आणि मावशींच्या घरी गेले. तीन आठवडे झाले होते. मोठी पातेली उपडी घालून पडवीत रचलेली, श्रावणातल्या दोन ऑर्डरी रद्द झालेल्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चष्मा शोधला. पान बराच वेळ वाचलं. बोट खालच्या ओळीवर, शून्यावर येऊन थांबलं.

"ह्या सव्वीस जणांनी माझ्या हातचा रस्सा खाल्ला ना?"

"खाल्ला."

"त्याच मसाल्याचा?"

"त्याच. वडे, सोलकढी, सगळं तुमच्याच हातचं."

त्यांनी पान घडी न घालता देवाच्या फळीवर ठेवलं. मी निघताना दारापर्यंत आल्या आणि विचारलं, "मॅडम, ह्याच्या झेरॉक्स मिळतील? एक सरपंचांना द्यायची आहे. आणि एक मुलीच्या सासरी."