तुम्ही विचारलंत म्हणून : लोकसंख्येचं काय?

व्याख्यान जळगावला असो, चोपड्याला की शहाद्याला, शेवटी एक हात वर होतोच. "मॅडम, लोकसंख्या आटोक्यात आणली की देशाचं कार्बन उत्सर्जन आपोआप कमी होईल ना?" मी "नाही" म्हणते, तोवर वेळ संपलेली असते आणि आभारप्रदर्शन सुरू होतं. इतकी वर्षं माझं उत्तर त्या एका शब्दावर अडकलंय. आज पूर्ण सांगते.

जपानचे ऊर्जा अर्थशास्त्रज्ञ योइची काया यांनी हा हिशोब चार आकड्यांच्या गुणाकारात मांडला : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, तेवढं उत्पन्न काढायला लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेमागे सुटणारा कार्बन. आता आपला देश घ्या. 1990 ते 2022 या काळात लोकसंख्या साधारण 1.6 पट झाली. कोळसा, तेल आणि वायूपासूनचं उत्सर्जन मात्र पाचपटीच्या जवळ गेलं. उरलेली तिप्पट आली कुठून? दरडोई उत्पन्न महागाई वजा करून जवळपास चौपट झालं, तिथून. दर रुपयामागे लागणारी ऊर्जा तर जवळजवळ निम्म्यावर आली, नाहीतर आकडा याहून वाईट असता.

चौथा आकडा, ऊर्जेमागचा कार्बन, वाढला. त्याच्याबद्दल मी व्यासपीठावर कधी बोलले नाही. माझी आई पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक करायची. तो कार्बन या हिशोबात धरत नाहीत, कारण पिकाने वाढताना तो हवेतूनच घेतलेला असतो. मग घरात सिलिंडर आला, कोळशाची वीज आली आणि आम्ही उत्सर्जनाच्या तक्त्यात आलो. आईने त्या धुरात डोळे खराब करून घेतले होते. तो आकडा वाढला याचं मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

तरीही लोक लोकसंख्येवरच येतात. मला त्याचा राग का येतो, ते सांगते.

माझं माहेर यावल तालुक्यात, केळीचं. शेतीची लाईट पाळीने यायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच का, तर शहरं झोपली की विजेची मागणी उतरते, पण कोळशावरचा संच घरच्या दिव्यासारखा विझवून पुन्हा लावता येत नाही. थंड पडलेला संच चढवायला कित्येक तास लागतात. म्हणून ती रात्रीची वीज खपवायला शेती धरायची. दीपनगरच्या कोळशाच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या लहानपणापासून ओळखीची, पण आमच्या रात्री कुणाच्या सोयीने ठरतात हे मला शिकून बाहेर पडल्यावर कळलं.

त्या आठवड्यात रात्रपाळी होती. बागेला बारे द्यायचे होते. लाईट सारखी जात होती आणि दर वेळी कुणीतरी जाऊन मोटर पुन्हा चालू करायची होती. ऑटो स्विच जळला होता. दादा दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा निघताना वहिनी म्हणाली, "राहू द्या आता, सकाळी बघू." तो म्हणाला, "सकाळी लाईट कुठे आहे?" बांधावर त्याला मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. काटा लागला असेल असं समजून त्याने मोटर चालू केली, पाणी सरीत चढेपर्यंत थांबला आणि घरी येऊन झोपला. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात. तालुक्याच्या दवाखान्यातून त्याला जळगावला न्यायला सांगितलं. जळगाव यायच्या आधीच तो गेला. लाईट जाईपर्यंत मोटर चालूच होती, बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दहाव्याला आलेले आमचे एक नातेवाईक ओसरीवर बसून म्हणाले, "एवढी लोकसंख्या, एवढ्या मोटरी, सरकार तरी कुठवर पुरवणार?" तोच प्रश्न, माझ्या भावाच्या दहाव्याला. मी उठून आत गेले. आत वहिनी होती. मी काय शिकवते ते तिला माहीत होतं. तिने विचारलं, "ताई, तुमच्या हिशोबात यांची मोटर कुठे बसते?"

बसते, वहिनी. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला गणिताने 0.27 युनिट लागतं. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. बोअरचं पाणी तीनशे मीटर खोल गेलं की त्याच पाण्याला तिप्पट वीज, म्हणजे तिप्पट कोळसा. माणूस एकही वाढला नाही, केळीचा घडही वाढला नाही, उत्सर्जन वाढलं. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायची ती वेळ नव्हती.

आणि दरडोई म्हणायचं तरी कुणाचं? भारताचं दरडोई उत्सर्जन सुमारे दोन टन, अमेरिकेचं त्याच्या कितीतरी पट. पण त्या दोन टनांच्या सरासरीत दादाची मोटर आहे आणि माझा एसीही आहे. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला मी एसीचं समर्थन देत बसणार नाही. पण रात्री तो चालू असतो तेव्हा त्याला पुरवणारी वीज मुख्यतः कोळशाचीच असते, हेही खरं.

पूर्वीची मी म्हणायचे, कार्यक्षमता वाढवा, ठिबक लावा, सुटेल प्रश्न. आता तिला विचारावंसं वाटतं, ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आमच्याच गावाने आणखी केळी लावली, त्याचं काय? ती म्हणेल, मग चौथा आकडा धर. साक्रीला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शेतीला वीज पोचवणाऱ्या वाहिनीला, म्हणजे फिडरला, सौर वीज देण्याची योजना राज्याने 2017 मध्ये आणली. तिचं बरोबर आहे. सूर्याची वीज दिवसा येते, आणि दिवसा लाईट मिळाली असती तर माझा भाऊ त्या बांधावर गेला नसता. कार्बन कमी करण्याच्या बाजूने मी भांडते त्यातलं निम्मं कारण हेच आहे. तक्त्यात ते कुठेच दिसत नाही.

भाच्याने आता सौर पंप बसवलाय. उत्सर्जन शून्य, बिल शून्य, म्हणून मोटर ऊन आहे तोवर चालते आणि बोअरचं पाणी आणखी खाली चाललंय. मी त्याला हे सुनावलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, मी रात्री तर जात नाही ना?" मी तरीही त्याला पंपाचे तास कमी करायला सांगते. तो पुढच्या बोअरसाठी पैसे जमवतोय. वहिनी त्याच्या बाजूने आहे.