लॅमिंग्टन रोडची खरेदी: काय हातात घेऊन बघावं, काय घरी मागवावं

गच्चीवरच्या टाकीसाठी मोटार आपोआप चालू-बंद करणारं सर्किट बनवतोय. चिप आणि मॉड्यूल हल्ली घरपोच येतात, तरी पुण्याहून मुद्दाम मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन आलो. ट्रान्सफॉर्मर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), साधे स्विच आणि सर्किट बसवायचा डबा या वस्तू फोटो बघून घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

डेक्कन क्वीनने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल धरून ग्रँट रोड. पूर्वेला उतरलं की थोडंसं चालणं. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. रविवार टाळा, आणि सकाळी अकराच्या आधी पोचायची घाई करू नका.

यादी नंबरासकट कागदावर लिहून न्या. ‘पाच व्होल्टचा रेग्युलेटर’ म्हटलं की समोरून चार प्रश्न येतात. ‘७८०५, टीओ-२२० (हा बाहेरच्या आकाराचा प्रकार), दोन नग’ म्हटलं की माल लगेच काउंटरवर. रेझिस्टरचे ओहम, वॅट आणि अचूकतेचा टक्का तिन्ही लिहा: दहा के (म्हणजे दहा हजार ओहम), पाव वॅट, एक टक्का. शेजारी पर्यायी नंबरही असू द्या. बीसी५४७ ट्रान्झिस्टर नसेल तर १२ व्होल्टच्या सर्किटला बीसी५४८ बिनधास्त चालतो, पायही त्याच क्रमाने. २एन२२२२ मिळाला तर मात्र डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा, कारण प्लास्टिकच्या रूपात त्याचे पाय बहुधा उलट्या क्रमाने असतात. काही दुकानं फक्त होलसेलची आहेत, तिथे दोन-चार नग मागून उभं राहण्यात अर्थ नाही. सरळ पुढच्या दुकानात जा.

सगळ्यात जास्त वेळ रिलेवर घालवला आणि तुम्हीही घालवा. काउंटरवर पहिल्यांदा निळा शुगर क्यूब रिले पुढे येतो. त्यावर १० अँपिअर छापलेलं असतं आणि अर्ध्या एचपीची मोटार चालू असताना तीन-चार अँपिअरच घेते, म्हणून तो पुरेल असं वाटतं. पण सुरू होताना मोटार त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याने रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट चिकटले तर मोटार बंदच होणार नाही. टी९० प्रकारचा ३० अँपिअरचा रिले मागा, आणि मोटार एक एचपी किंवा त्याहून मोठी असेल तर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या करंटसाठीचा दणकट रिले. कॉइल १२ व्होल्ट डीसीची आहे ना, हे पैसे देण्याआधी वाचून घ्या. रिले चालवायला यूएलएन२००३ ही चिप उत्तम. कॉइल बंद होताना येणाऱ्या उलट्या झटक्यासाठी लागणारे डायोड तिच्या आतच असतात.

ट्रान्सफॉर्मर हातात तोलून बघा. एकाच रेटिंगच्या दोघांत एक बराच हलका लागला तर वाइंडिंग तांब्याचं आहे का, विचारा. मल्टिमीटर सोबत असेल तर दुकानातच तपासून मागा. लोड नसताना १२ च्या जागी १३-१४ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, ते बरोबर आहे.

मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर मी ऑनलाइनच मागवतो. तिथे नंबराच्या शेपटाकडे लक्ष हवं: एटीमेगा३२८पी-पीयू ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) बसतो, -एयू हा चपटा, बारीक पायांचा एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायचा. माल भारतातल्या गोदामात आहे की परदेशातून यायचाय, तेही आधी बघा. परदेशी ऑर्डरवर वाहतूक खर्च आणि कस्टम ड्युटी बसते, त्यामुळे दोन-चार मित्रांनी मिळून मागवलेलं बरं. १८६५० या लिथियम सेलवर ९,९०० एमएएच (क्षमतेचं एकक) छापलं असेल तर तो घेऊच नका. या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता मावते.

पुण्यातल्यांनी आधी बुधवार पेठेत पसोड्या विठोबाच्या आसपास फिरून यावं. रेझिस्टर, कपॅसिटर, डॉट बोर्ड (भोकांची सोल्डर करायची पाटी), बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), रेलिमेट कनेक्टर एवढ्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.