औंधची हद्द शोधताना

गावच्या घरी माळ्यावर एक कंदील पडून आहे. काच कधीच फुटली, बुडाला गंज चढलाय, पण बोट फिरवलं की 'प्रभाकर' ही अक्षरं अजून हाताला लागतात. लहानपणी रोज संध्याकाळी चुलीतल्या राखेनं त्याची काच पुसायचं काम बाबांकडे असायचं. काच तडकली तर मार ठरलेला. बाबा आता शहात्तरचे आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे देऊळ असो की किल्ला, आधी नटबोल्ट बघणार. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "हा कंदील, आपला लोखंडी नांगर आणि तुझ्या आजीनं ज्यांना भाकरी बांधून दिल्या ती भूमिगत पोरं, ह्या सगळ्यांमागं एकच राजा होता. चल, दाखवतो."

म्हणून दोन दिवसांचा बेत केला. औंध, कराड, किर्लोस्करवाडी, कुंडल. गाडी न्यायची नाही, एसटी आणि पॅसेंजरनं जायचं, ही बाबांची अट.

औंध म्हणजे खटाव तालुक्यातलं. पुण्यातल्या औंधला राहणारे माझे मित्र अजून 'म्हणजे डी-मार्टच्या मागे का?' असं विचारतात, त्यांच्यासाठी सांगितलं. गावात शिरायच्या आधीच यमाईचा डोंगर दिसतो. पायऱ्या चढताना निम्म्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय लागतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, यांनी ते 1938 साली उभारलं. हा राजा स्वतः चित्रकार. शिवाय सूर्यनमस्काराचं वेड असं की संस्थानातल्या शाळांमध्ये पोरांना ते सक्तीचे केले होते. आमच्या पीटीच्या सरांचे मूळपुरुष हेच असावेत.

आत राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे. कीचकाकडे जायला निघालेली, तोंड फिरवलेली. तिच्यासमोर सगळेच थांबतात, आम्हीही थांबलो. पण मला जास्त नवल वाटलं ते हेन्री मूरच्या माय-लेकराच्या छोट्याशा शिल्पाचं. विसाव्या शतकातला एवढा मोठा इंग्लिश शिल्पकार आणि त्याचं काम खटावच्या माळावर! बाबा तिथं फार रमले नाहीत. 'नाक-डोळे नीट काढले नाहीत,' एवढाच शेरा मारून पुढच्या दालनात गेले.

चित्रं जमवणारे राजे पुष्कळ झाले. ह्या राजानं मात्र राज्यच देऊन टाकलं. औंध संस्थान 72 गावांचं, तेही सलग नव्हे. फाटलेल्या गोधडीच्या ठिगळांसारखं साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत आणि खाली विजापूरकडे विखुरलेलं. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि गांधीजी यांच्या सल्ल्यानं घटना तयार झाली आणि 1939 साली राजानं कारभार लोकांच्या हाती सोपवला. खेड्याच्या पंचायतीपासून वर चढत जाणारा कारभार. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, भिंत नसलेली. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्याच प्रयोगावरून सुचलेला.

औंधहून पुसेसावळीमार्गे कराड. एसटीत खिडकीची काच वर सरकेना, सगळी धूळ अंगावर. बाबांनी खिशातला पेन्सिल-चाकू काढून खाचेतली माती उकरली आणि काच सरकवून दाखवली. कंडक्टर म्हणाला, "काका, डेपोत या की परत."

कराडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. ओगले बंधूंचा काचकारखाना इथला, 1916 चा, त्यालाही औंधकरांचा आधार. स्वदेशीच्या हवेत काच करायला निघालेली ही माणसं. पुढे त्यांच्या प्रभाकर कंदिलानं वीज पोचायच्या आधीची कित्येक घरं उजळली. आता कारखाना बंद आहे, गावाचं नाव मात्र तेच. बघण्यासारखं फारसं नाही. बाबा रस्त्यावर उभे राहून थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "गाडीची वेळ झाली."

पॅसेंजरमध्ये शेणोलीला बाबांनी मला खिडकीकडे ढकललं. 7 जून 1943 ला ह्याच स्टेशनजवळ तूफान सेनेच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या भूमिगत प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, पोरांनी रेल्वेची पगाराची गाडी अडवली होती. बंदुका तुटपुंज्या, काठ्या-कोयतेच जास्त. नोकरांच्या पगारासाठी चाललेला पैसा प्रतिसरकारच्या कामाला लागला. रुळांच्या कडेला आठवणीचा छोटा स्तंभ आहे म्हणतात. आमची नजर पोचेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या आणि गाडी सुटली.

किर्लोस्करवाडीला उतरलो. ह्या स्टेशनचं आधीचं नाव कुंडल रोड. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे. मुंबईत जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले तर रंग नीट ओळखू येईनात. मग यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. बेळगावात सायकलींचं दुकान, त्यातून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं अशी समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यात बेळगावच्या नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली. नेमकं त्या सुमाराला औंधात एका बांधकामाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं. बाळासाहेबांनी विचारलं, माझ्या संस्थानात येता का? 32 एकर माळ आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि नाग, एवढंच त्या माळावर होतं. 10 मार्च 1910 ला वसाहत सुरू झाली.

आगाऊ परवानगी न काढल्यामुळे आम्ही फाटकापर्यंतच. चूक माझी. पण वाडीतून फिरता येतं. झाडं जुनी, रस्ते आखून दिल्यासारखे सरळ. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं इथून निघायची, ह्या आडबाजूच्या स्टेशनावरून, हे मला खरंच वाटेना. बाबांना ते ठाऊक होतं, आजीच्या पेटीत 'स्त्री'चे अंक असायचे. त्यांचा जीव नांगरात. आमचा नांगर घरी गोठ्याच्या भिंतीला टेकून असायचा. त्याचा फाळ झिजला की आजोबा नवा फाळ आणायचे आणि जुन्या फाळाचा विळा करून घ्यायचे. बाबा म्हणाले, "फाळ बदलता येतो, हे कळल्यावर लोकांचा विषाचा धाक गेला." हे त्यांचं स्वतःचं संशोधन, पण मला पटलं. दुरुस्त करता येणारी वस्तू माणूस लवकर आपली म्हणतो.

कुंडलला जायला वडाप. दहा जणांच्या जीपमध्ये सोळा बसल्याशिवाय हलत नाही. कुंडल हे औंधचंच तालुक्याचं गाव होतं, आणि तीच तर बाबांची खरी गोष्ट. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ठाणं इथं पडलं. जी. डी. बापू लाड इथले, तूफान सेनेचे कॅप्टन भाऊ, रामचंद्र लाड, तेही इथले. ब्रिटिश मुलखात गावगुंडांना आणि सावकारांना वठणीवर आणायचं आणि संस्थानी हद्दीत येऊन निजायचं. तिथं इंग्रजांच्या पोलिसांना मोकळं रान नव्हतं, आणि औंधकर काही त्यांना पकडून द्यायला उतावीळ नव्हते. ठिगळांचं राज्य, म्हणून ही सोय. सलग असतं तर एवढ्या गावांच्या शिवेला शीव लागलीच नसती.

लोक 'पत्री सरकार' म्हणतात. बैलाला पत्री ठोकतात तशी तळपायाला ठोकायचे, असं आम्ही लहानपणी ऐकलेलं. चौकात चहा पिताना एका आजोबांना विचारलं तर ते वैतागले. "प्रतिसरकार म्हणा ताई. बडवायचे ते काठीनं." मग स्वतःहून गांधी-पद्धतीच्या लग्नांचं सांगत बसले. हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज नाही. न्यायनिवाडा गावातच. हे सांगताना त्यांनी चहाची बशी दोनदा खाली ठेवली आणि दोनदा उचलली, चहा तसाच.

यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे इथून जवळच, पण अंधार पडायला लागला होता. बाबांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून ते राहिलं.

परतीच्या वडापमध्ये मी पुढे ड्रायव्हरशेजारी. विचारलं, "दादा, औंधची हद्द कुठपर्यंत होती हो इकडं?"

"औंद? ते तिकडं लई लांब साताऱ्याकडं." त्यानं गिअर टाकला. "कुंडलची हद्द इचारताय व्हय? ती आलीच की. वीस-वीस रुपये काढून ठेवा."